सासुरवाडीला आलात, तर बसा जरा!

आधीच सांगून ठेवते, हे वाचून सासरच्या निम्म्या मंडळींना माझा राग येणार आहे. उरलेल्या निम्म्यांना यायला हवा, पण ते शेवटपर्यंत वाचणार नाहीत. असो.

तर झालं असं, की गेल्या मार्गशीर्षात माझा एक चुलत दीर आणि जाऊ न्यू जर्सीहून आले. एरवी येतात ते लग्नकार्याला, पण या वेळचं निमित्त वेगळं होतं. त्यांच्या शेजारी इटालियन वंशाचं एक जोडपं राहतं. दोघंही पक्के कॅथलिक. नवऱ्याचे पणजोबा सिसिलीतून बोटीनं न्यूयॉर्कला आले होते. हे नवराबायको दोन वर्षांपूर्वी मुद्दाम तिकडे गेले. पणजोबांचं गाव पाहिलं, त्यांचा बाप्तिस्मा झाला ते चर्च पाहिलं, तिथली जुनी वही पाहिली, मेणबत्ती लावली. मेणबत्ती लावताना शेजारीण रडली म्हणे. ते सगळं ऐकून आमच्या भाऊजींच्या मनानं घेतलं, की आपणही आपली मुळं शोधायची. देवधर्माचं त्यांना पहिल्यापासून आहेच. रोज अथर्वशीर्ष म्हणतात, जाऊबाई गुरुवार करतात. मग ठरलं. आधी कोकणातलं मूळ गाव, मग कुलदेवता आंबेजोगाई. त्यांच्या भाषेत 'रूट्स ट्रिप'.

आता आंबेजोगाई म्हणजे माझं माहेर. (सरकारी कागदावर अंबाजोगाई. आम्ही आंबेजोगाईच म्हणतो. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'मोमिनाबाद' आहे, निजामाच्या राज्यातलं नाव. म्हणजे एका घरात एका गावाची तीन नावं.) बीड जिल्ह्यातल्या देशस्थाची मुलगी पुण्यातल्या कोकणस्थाच्या घरात दिलेली, त्यामुळे सासरचं कुणीही कुलदेवतेला निघालं की वाटाड्या म्हणून मी ठरलेली. गेल्या पंचवीस वर्षांत अशा किती फेऱ्या केल्या, मोजल्या नाहीत. लग्नानंतरची, मुंजीनंतरची, नव्या गाडीची, नवसाची. तक्रार नाही, फुकटात माहेरी जायला मिळतं. पण या वेळच्या फेरीनं माझं डोकं फिरलं, त्याबद्दल हे लिहिते आहे.

भाऊजींच्या हातात एक जाडजूड फाईल होती. त्यात छापील कुलवृत्तांतातल्या पानांच्या झेरॉक्स, स्वतः कॉम्प्युटरवर काढलेली वंशावळ, आणि तिकडे थुंकी पाठवून करून घेतलेल्या डीएनए तपासणीचा रंगीत रिपोर्ट. वंशावळ अकरा पिढ्यांची. भाऊजी सर्वांत खाली, वर दहा पुरुष एकाखाली एक, जसं काही शिडी लावलेली आहे.

पुण्याहून सकाळी निघालो. दौंड ओलांडून श्रीगोंद्याकडे लागलो तसे उसाचे फड सुरू झाले. रस्त्याच्या कडेला कोप्या. उसाचं पाचट आणि प्लास्टिकचा कागद टाकून केलेल्या, वाकून आत शिरायच्या. एक बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढत होती, पलीकडे झोळीत मूल. भाऊजींनी गाडी थांबवायला सांगितली आणि फोटो काढला. मग विचारलं, "वहिनी, हे लोक कुठले गं?"

मी म्हटलं, "तुमच्या कुलदेवतेच्या जिल्ह्यातले."

"हो का? मग इकडे कशाला येतात?"

मी सांगायला सुरुवात केली, पण तेवढ्यात जाऊबाईंना पुढच्या बऱ्या हॉटेलची काळजी लागली आणि विषय तिथेच राहिला. तो राहिलेला विषय मी खाली पुरा करणार आहे.

जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा, केज करत दुपारी पोचलो. दर्शन उत्तम झालं. देवीचा तो शेंदरी, भव्य तांदळा पाहिला की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. जाऊबाईंनी पैठणी आणली होती, ओटी भरली. डोळे पुसले. इथवर मला काही म्हणायचं नाही. श्रद्धेनं डोळे भरून येणाऱ्या माणसाची चेष्टा करणं मला जमत नाही. माझे सासरे याच गाभाऱ्यासमोर लहान मुलासारखे रडलेले मी पाहिले आहेत.

बाहेर आल्यावर भाऊजींनी फाईल उघडली आणि तिथल्या एका वयस्कर गुरुजींना विचारलं, "आमचं मूळ गाव कोकणात. मग आमची कुलदेवता इतक्या लांब, इथे कशी?"

प्रश्न अगदी बरोबर होता. इतक्या वर्षांत आमच्याकडच्या एकानंही विचारला नव्हता. गुरुजींनी मग ती कथा सांगितली, जी मी लहानपणापासून ऐकत आले आहे. परशुरामानं समुद्र मागे हटवून कोकणची भूमी मिळवली. समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतं त्यानं चितेवर पावन करून उठवली, ते चित्पावन. पण चौदाही पुरुष! त्यांचे संसार कसे व्हायचे? मग त्यांच्यासाठी आंबेजोगाईच्या मुली मागितल्या गेल्या. इथल्या मुली कोकणात दिल्या, आणि म्हणून इथली योगेश्वरी त्या घराण्यांची कुलदेवता झाली.

भाऊजी हसले. म्हणाले, "अच्छा, म्हणजे ही आमची सासुरवाडी!" फाईल मिटली, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "निघू या? मुळांचं काही इथे दिसत नाही."

देवळात गेल्यापासून गाडीत बसेपर्यंत दीड तास झाला होता.

मंडळी, या वाक्यावरून मला सणक गेली. 'मुळांचं काही इथे दिसत नाही.' अहो, आत्ताच तर सांगितलं! तुमच्याच कुळाची कथा म्हणते आहे, की तुमच्या घराण्याची पहिली आई या गावची. यापेक्षा मूळ अजून कुठलं हवं होतं?

आता कुणी म्हणेल, की ही तर आख्यायिका. परशुरामानं बाण मारला आणि समुद्र मागे गेला, हे तू खरं मानतेस का? नाही मानत. तो इतिहास आहे असं मी म्हणतच नाही. पण ज्यांचा विश्वास आहे त्यांनी तो पुरता ठेवावा, एवढंच माझं म्हणणं. परशुराम खरा, चिता खरी, चौदा पुरुष खरे, आणि मुलींपाशी आलं की 'ही आपली एक दंतकथा' म्हणून हसायचं, हे कुठलं श्रद्धेचं गणित?

गणितावरून आठवलं. परत येताना गाडीत मी ती वंशावळ मागून घेतली. माणसाला आईबाप दोन, आजीआजोबा चार, पणज्यापणजोबा आठ. असं दुपटीनं चढत गेलं, की दहाव्या पिढीला १०२४ माणसं होतात. (आपल्याकडे नात्यात, पोटजातीत लग्नं होत, त्यामुळे काही नावं दोनदा येतील, काही चारदा. तरी शेकड्यांनी माणसं आहेतच.) दहाही पिढ्यांची बेरीज केली तर २०४६. भाऊजींच्या फाईलमध्ये त्यांतले किती? दहा! दोन हजारांवर पूर्वजांपैकी दहा जण शोधायचे, आणि छाती पुढे काढून म्हणायचं, की मुळं सापडली. झाडाचं एकच मूळ उकरून काढून 'हेच झाड' म्हणण्यासारखं आहे हे. राहिलेल्या २०३६ जणांत निम्म्याहून जास्त बायका आहेत.

विसाव्या शतकात कोकणस्थ घराण्यांनी खपून कुलवृत्तांत छापले. त्यामागच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पत्रं पाठवून, गावोगाव फिरून, जुनी कागदपत्रं वाचून माणसांनी ते केलं. पण आमच्या घराण्याचं पान उघडून बघा. पुरुषाचं नाव, शिक्षण, नोकरी, मुलगे. बायकोचं नाव असलंच तर लग्नानंतर ठेवलेलं. माझ्या आजेसासूबाईंचं सासरचं नाव सगळ्यांना पाठ आहे. माहेरचं आडनाव माझ्या नवऱ्याला अंदाजानं सांगता येतं. माहेरचं नाव, ज्या नावानं त्यांच्या आईनं त्यांना हाक मारली ते नाव, हयात असलेल्या एकाही माणसाला माहीत नाही. मी फोन करून करून विचारलं आहे. एक जिवंत बाई, जिच्या हातचं माझ्या नवऱ्यानं खाल्लं आहे, तिचं पहिलं नाव दोन पिढ्यांत पुसलं गेलं! आणि आपण दहाव्या पिढीतला पुरुष शोधायला निघालो आहोत.

गंमत अशी, की ज्या इटालियन शेजाऱ्यांवरून ही हौस आली, त्यांच्याकडे असं नाही. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत आईचंही नाव असतं, आणि इटलीतल्या कागदपत्रांत बाई लग्नानंतरही आपल्या माहेरच्याच आडनावानं नोंदली जाते. त्यामुळे शेजारीणबाईंना नवऱ्याच्या पणजीच्या आईचंही नाव सापडलं. हे मला जाऊबाईंनीच कौतुकानं सांगितलं. मी विचारलं, "मग तुमच्या फाईलमध्ये तुमचं माहेर कुठे आहे?" त्या म्हणाल्या, "अहो, ही यांच्या घराण्याची फाईल आहे." म्हणजे रजा दोघांची, विमानाचं तिकीट दोघांचं, उपास दोघांचा, आणि मुळं एकट्याची!

'रूट्स' हा शब्द जगभर ज्या पुस्तकामुळे गाजला, ते अ‍ॅलेक्स हेलीचं पुस्तक १९७६ साली आलं. गुलाम म्हणून आफ्रिकेतून अमेरिकेत आणलेल्या पूर्वजाची ती कथा. तीही हेलीला आईच्या बाजूनं मिळाली. लहानपणी आजी आणि आजीच्या बहिणी ओसरीवर बसून सांगत, ते ऐकून. ज्यांच्याकडे कुलवृत्तांत नसतात, त्यांच्या मुळांची राखण आज्या करतात. आपल्याकडे छापील वृत्तांत आले आणि आज्या वजा झाल्या.

कोकणातलंच दुसरं एक उदाहरण घ्या. अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्राएली, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू, त्यांची मूळकथा तिथली. त्यांचं गलबत तिथे फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. पुढे हे लोक कोकणात तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' झाले, गावावरून रोहेकर, पेणकर, किहीमकर झाले. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. तिकडून त्यांची माणसं आजही नवगावला येतात, पूर्वजांच्या दफनभूमीशी उभी राहतात. म्हणजे तीही श्रद्धेनं केलेली रूट्स ट्रिपच. त्यांच्या कथेत आणि चित्पावनांच्या कथेत साम्य आहे हे पुष्कळांनी दाखवलं आहे. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे चौदा हा आकडा. पण त्यांच्या चौदांत सात बायका आहेत. आपल्या चौदांत एकही नाही, त्या मागून आणाव्या लागल्या.

पुढे अजून मजा आहे. २०१६ साली बेने इस्राएलींच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निघालं, की त्यांच्यात ज्यू वंश आहे आणि भारतीयही आहे. ज्यू वारसा जास्त करून बापाकडून आणि भारतीय वारसा जास्त करून आईकडून आलेला. कथेत काहीही असो, रक्त सांगतं की इथल्या मुली त्या घरांत गेल्या होत्या. कोण होत्या त्या? कुठल्या गावच्या? कुणीही लिहून ठेवलेलं नाही. प्रत्येक घराण्याची हीच रड आहे. बाप बाहेरून आला, की त्याची गोष्ट होते. आई इथलीच असली, की तिची गोष्ट होत नाही.

भाऊजींच्या रंगीत रिपोर्टातही बापाकडून बापाकडे जाणारी एक रेघ आणि आईकडून आईकडे जाणारी एक रेघ अशी दोन पानं होती. पहिलं पान लॅमिनेट केलेलं होतं. दुसऱ्याला स्टेपलरची पिनसुद्धा नव्हती. मी मुद्दाम सांगत नाहीये, खरंच तसं होतं.

आता राहिलेला विषय. ती श्रीगोंद्याकडची कोपी.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. माझ्या लहानपणी वर्गातली निम्मी मुलं दिवाळीनंतर दिसत नसत. मुकादम आगाऊ पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. ही उचल एका माणसाला मिळत नाही, जोडप्याला मिळते. नवराबायको मिळून एक 'कोयता'. हो, माणसं मोजायचं माप कोयता आहे. एकटा असेल तर अर्धा कोयता, म्हणजे जवळजवळ बिनकामाचा. म्हणून पोरगं कामाला लागायच्या वयाचं झालं की त्याला लवकर बायको पाहिजे, आणि घरची पोरगी मागे एकटी कुणाच्या जिवावर ठेवायची म्हणून तिचंही लवकर उरकायचं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या विशीतल्या बायकांपैकी शंभरात चाळिसांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली.

फडात एक दिवस काम बुडलं की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीचे चार दिवस कुणी देत नाही. मोळ्या उचलून, कोपीत राहून, ना पाणी ना आडोसा, पोटाची दुखणी लागतात. मग 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो, आणि बायका तिशीतच गर्भाशय काढून मोकळ्या होतात. २०१९ साली यावर ओरड झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती.

आणि अजून एक आकडा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली किती होत्या? ८०७. महाराष्ट्रातल्या सगळ्या जिल्ह्यांत कमी. दहा वर्षं आधी हाच आकडा ८९४ होता. त्यानंतर कारवाया झाल्या, सोनोग्राफी केंद्रं तपासली गेली, खटले चालले. पण ज्या मुली जन्मल्याच नाहीत त्या काही परत आल्या नाहीत.

आता पुन्हा ती कथा आठवा. कोकणातल्या चौदा घरांना बायका नव्हत्या, तेव्हा ज्या गावानं मुली दिल्या ते हे गाव. ज्या देवीच्या शब्दावर त्या दिल्या ती ही देवी. त्या देवीच्या जिल्ह्यात मुलींचा दुष्काळ पडला, जन्मल्या त्यांना कोयत्याचा अर्धा भाग केलं गेलं. आणि आपण दरवर्षी एसी गाड्यांतून येतो, दगडाच्या देवीची पैठणीनं ओटी भरतो, आणि विचारतो, "हे लोक कुठले गं?"

मला ठाऊक आहे यावर काय उत्तरं येतील. पहिलं, "आम्ही दर्शनाला येतो, समाजसेवेला नाही." मान्य. पण मग मुळं शोधायला आलो असं म्हणू नका. दर्शन दीड तासात होतं, मुळं होत नाहीत. दुसरं, "बीडच्या परिस्थितीला आम्ही जबाबदार आहोत का?" नाही, तुम्ही नाही. साखर कारखाने, मुकादम, पाऊस, सरकार आणि आम्ही इथले लोक, जबाबदारांची यादी मोठी आहे. सोनोग्राफीच्या रांगेत जे उभे होते ते बीडचेच होते, कोकणातून आलेले नव्हते. आमच्या गल्लीतलेही होते. पण आजोळ पडकं झालं तर नातू 'मी कुठे पाडलं?' असं विचारत नाही. निदान आत डोकावून बघतो. तिसरं, आणि हे मला खरंच पटतं, "परदेशात वाढणाऱ्या मुलांना आपण कुठले हे सांगायला नको का?" हवं ना! त्यासाठीच तर म्हणते, की अर्धं सांगू नका. मुलांना सांगा, की तुमचा एक पाय समुद्रकाठी आहे आणि एक बालाघाटच्या डोंगरात. तुमच्या बापाचं घर नारळाच्या बागेत आहे, तुमच्या आद्य आजीचं घर ज्वारीच्या रानात आहे. हे ऐकून पोरं जास्त खूश होतील.

आणि देवीबद्दलही सगळं सांगा. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. मुहूर्त टळला, लग्न मोडलं, वऱ्हाडाचं दगड झालं. गावाबाहेर हत्तीखान्याची लेणी आहेत, तिथले दगडी हत्ती दाखवून आजी आम्हाला सांगायची, की हे त्याच वऱ्हाडातले. देवी कुमारिकाच राहिली. म्हणजे बघा, जिच्या नावावर इतकी घराणी चालतात तिला स्वतःला ना सासर, ना आडनाव, ना कुठल्या वंशावळीत जागा. ती कुणाची बायको नाही म्हणून तिचं काही अडलं नाही. अठराच्या आत पोरींना बोहल्यावर चढवणाऱ्या आमच्या जिल्ह्यानं हे मनावर घ्यायला हवं होतं. आम्हीही घेतलं नाही. आम्हीही ओटीच भरली.

मग करायचं काय? मोठं काही नाही. माझ्या सासरच्या मंडळींना माझी तीन मागणी आहेत, तेवढी ऐका.

एक, पुढच्या वेळी याल तेव्हा दोन दिवस राहा. घर माझ्या भावाचं आहे, हॉटेलचा खर्च वाचेल. मुकुंदराजांच्या समाधीकडे जाऊ, दरीत उतरणारी वाट बघा. दासोपंतांनी एका लांबलचक कापडावर लिहिलेली पासोडी याच गावातली, माहीत होतं? यादवांचा सेनापती खोलेश्वर इथला, त्याच्या नावाचं देऊळ आणि शिलालेख इथे आहेत. तुम्ही म्हणता त्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव गाव आहे. मराठी लिहिता-वाचता येणाऱ्या कुणाचीही थोडी मुळं इथे सापडतील, मग तो कोकणस्थ असो की कोणी.

दोन, देवीची पैठणी जरूर न्या, पण तिच्यासोबत एका जित्या मुलीचीही ओटी भरा. शिकणाऱ्या. ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी २०२१ साली सरकारनं वसतिगृहांची योजना मंजूर केली, संत भगवानबाबांच्या नावानं. हंगामात आईबाप फडावर गेले तरी पोरगी शाळेत राहावी, तिचं लग्न उरकायची घाई होऊ नये, हा त्यामागचा हेतू. अशा एखाद्या मुलीची वह्या-पुस्तकं, सायकल, कॉलेजची फी, काहीही. पावती मिळणार नाही, फरशीवर नाव लागणार नाही. सासुरवाडीला दिलेल्याची पावती मागतं का कुणी?

तीन, आणि हे सगळ्यात सोपं. वंशावळीत बायकांची नावं घाला. लग्नानंतरची नकोत, आधीची घाला. जिथे माहीत नाही तिथे जागा रिकामी सोडा, पण रेघ ओढा. रिकाम्या चौकोनाकडे बघून उद्या तुमची नात तरी विचारेल, की इथे कोण होतं?

मराठीत 'मूळ' शब्दाचा एक जुना अर्थ आहे, तो आता फारसा कुणी वापरत नाही. सासरी असलेल्या मुलीला सणावाराला माहेरी न्यायला जो माणूस यायचा, त्याला मूळ म्हणत. 'मूळ आलं' म्हणजे माहेरचं बोलावणं आलं. माझी आजी म्हणायची, की पंचमीच्या आधी चार दिवस मूळ येईपर्यंत तिचं लक्ष वाटेकडे असे. मला वाटतं कुलदेवतेला जायची जी ओढ असते ना, भाऊजींनाही जी होती, ती ही असावी. त्या चौदा जणींना मूळ आलं की नाही कोण जाणे. शेकडो वर्षं त्यांच्या पोरांची पोरं तेवढी येताहेत, आणि कुणाचं बोलावणं होतं ते विसरून जाताहेत.

गेल्या आठवड्यात भाऊजींचा फोन आला होता. हे लिहिते आहे म्हणून सांगितलं, तर थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "वहिनी, मी रागावलो नाही. पण एक सांग, माझ्या आजीचं माहेरचं नाव काय होतं?"

मी म्हटलं, "तेच तर मी वर्षभर विचारते आहे. तुमच्या आत्या चिपळूणला आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना फोन करा. लवकर करा."

केला की नाही, अजून कळलेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक असेल तर मलाही कळवा.